चोरटी नजर आणि हिंदी थरारपट

प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या व्यक्तीच्या खासगी क्षणांचे तिच्या संमतीवाचून चित्रण करणे आणि ते उघड करण्याची धमकी देऊन तिच्याकडून पैसा, शरीर किंवा मौन वसूल करणे, हा जोडगुन्हा गेल्या दोन दशकांत हिंदी चित्रपटांचा वारंवार येणारा विषय झाला आहे. मोहित सूरी यांचा 'कलयुग' (२००५), दिबाकर बॅनर्जी यांचा 'लव्ह सेक्स और धोखा' (२०१०), निशिकांत कामत यांचा 'दृश्यम' (२०१५) आणि नीरज घायवान यांचा 'मसान' (२०१५) हे चार चित्रपट प्रकृतीने एकमेकांपासून फार दूरचे आहेत, त्यांतला 'मसान' तर रूढ अर्थाने थरारपटही नाही, तरीही चारही कथांच्या मुळाशी अशीच एखादी चित्रफीत आहे. या चित्रपटांविषयी चालत आलेल्या वादाचा गाभा असा, की चोरट्या नजरेचा निषेध करणारा चित्रपट ती नजर पडद्यावर आणल्यावाचून उभा राहू शकत नाही आणि ती पडद्यावर आणताना प्रेक्षकाला तो त्याच छुप्या कॅमेऱ्यामागे नेऊन बसवतो. तेव्हा त्याला निषेध म्हणावे की सहभाग, हे ठरवण्याची कसोटी कोणती?

दोन संज्ञा आरंभीच स्पष्ट केलेल्या बऱ्या. दुसऱ्याला कळू न देता त्याचे खासगी वर्तन पाहण्यात वा टिपण्यात सुख मानण्याच्या वृत्तीला मानसशास्त्रात 'व्हॉयरिझम' म्हणतात. भारतीय दंडसंहितेच्या हिंदी पाठात तिच्यासाठी 'दृश्यरतिकता' हा शब्द योजलेला होता, तर प्रस्तुत लेखात 'चोरटी नजर' हा सुटसुटीत शब्दप्रयोग वापरला आहे. 'ब्लॅकमेल' हा मराठीत पूर्ण रुळलेला शब्द असून कायद्याच्या भाषेत तो बहुधा 'खंडणी'च्या कलमाखाली येतो. मात्र साधी खंडणी इजेच्या भीतीवर चालते आणि ब्लॅकमेल लाजेच्या भीतीवर चालते. ज्या समाजात उघडे पडण्याची किंमत स्त्रीने मोजायची असते, त्याच समाजात असे चित्रण विकता येते आणि त्याची धमकीही देता येते. हा संपूर्ण वाद अखेरीस याच जागेपाशी येऊन थांबतो.

पार्श्वभूमी: चिठ्ठी, निगेटिव्ह आणि मोबाइल

हिंदी चित्रपटाला ब्लॅकमेल नवे नाही. बी. आर. चोप्रा यांच्या 'गुमराह'मध्ये (१९६३) विवाहानंतरही पूर्वीच्या प्रियकराला भेटणाऱ्या नायिकेला एक अनोळखी स्त्री धमकावू लागते आणि ती स्त्री वस्तुतः नवऱ्याचीच सचिव असल्याचे शेवटी उघड होते. या कथेत खासगीपणावरचा पहारा थेट घराच्या मालकाकडून बसवला जातो आणि चित्रपट त्या पहाऱ्याला संसार सावरणारी युक्ती मानतो, ही बाब आजच्या वाचकाला अस्वस्थ करणारी आहे. त्या काळातल्या कथांमध्ये ब्लॅकमेलचे साधन म्हणजे चिठ्ठी, छायाचित्र किंवा त्याची निगेटिव्ह असे. ही साधने हातात धरता येत, हिसकावता येत, जाळता येत. त्यामुळे निगेटिव्ह राख झाली की धोका टळला असे मानून कथा पूर्ण होऊ शके. कॅमेऱ्याची प्रतिमाही तेव्हा सर्वस्वी काळी नव्हती. कुंदन शाह यांच्या 'जाने भी दो यारो'मध्ये (१९८३) दोन छायाचित्रकारांना मोठ्या केलेल्या एका छायाचित्रात खुनाचा पुरावा सापडतो. तिथे कॅमेरा हा दुर्बळांच्या हातातला सत्याचा साक्षीदार आहे.

पडद्याबाहेरचे वास्तव मात्र याहून कठोर होते. १९९२ मध्ये अजमेरमध्ये आणि १९९४ मध्ये जळगावात उघडकीस आलेल्या प्रकरणांत मुली आणि तरुण स्त्रियांची छायाचित्रे वा चित्रण धाक म्हणून वापरून त्यांचे दीर्घकाळ शोषण झाल्याचे समोर आले. जळगावच्या तपासात मीरा बोरवणकर यांच्यासारख्या अधिकाऱ्यांचा सहभाग होता आणि पीडित स्त्रियांना तक्रारीसाठी पुढे आणणे हीच त्या तपासातली सर्वांत मोठी अडचण ठरली. मराठी वृत्तपत्रांनी त्या प्रकरणाला 'वासनाकांड' हे नाव दिले आणि ते आजतागायत टिकून आहे. या शब्दाने सत्ता, धमकी आणि खंडणी हे त्या गुन्ह्याचे खरे घटक झाकले जाऊन केवळ कामवासना ठळक होते, याची दखल त्या काळी फारशी घेतली गेली नाही. अजमेरच्या प्रकरणात आणखी सहा आरोपींना जन्मठेप सुनावली गेली ती ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे बत्तीस वर्षांनी.

तंत्रज्ञानाच्या दृष्टीने खरा खंड पडला तो २००४ मध्ये. त्या वर्षाच्या अखेरीस दिल्लीतल्या दोन अल्पवयीन विद्यार्थ्यांची मोबाइलवर टिपलेली चित्रफीत हातोहात पसरली, एका लिलाव-संकेतस्थळावर विक्रीला मांडली गेली आणि त्या संकेतस्थळाच्या प्रमुखाला डिसेंबरमध्ये अटक झाली. मोबाइलवरून चित्र आणि ध्वनी पाठवण्याच्या सेवेचे 'एमएमएस' हे तांत्रिक नाव या घटनेनंतर सर्वसामान्य बोलीत अशा कोणत्याही चोरट्या चित्रफितीचे नाव होऊन बसले. निगेटिव्हला एक ठिकाण होते, पण या नव्या चित्रफितीची नक्कल मूळ प्रतीइतकीच चांगली असल्याने तिचा नाश करण्याची कल्पनाच निरर्थक झाली. पुढच्या सगळ्या थरारपटांच्या रचनेवर या बदलाचा परिणाम झालेला दिसतो.

'कलयुग' आणि सूडाची चौकट

दिल्लीच्या घटनेनंतर जेमतेम वर्षभरात 'कलयुग' प्रदर्शित झाला. मुकेश भट्ट निर्मित या चित्रपटात काश्मीरमधून विस्थापित होऊन मुंबईत स्थिरावलेला कुणाल (कुणाल खेमू) आणि रेणुका (स्माइली सूरी) यांचा विवाह होतो. हॉटेलातील त्यांच्या पहिल्या रात्रीचे छुपे चित्रण एका अश्लील संकेतस्थळावर जाते. पत्नी आत्महत्या करते आणि नवरा त्या धंद्याचा माग काढत झुरिकला पोहोचतो. इम्रान हाश्मी आणि अमृता सिंग यांच्या भूमिका या दुसऱ्या भागाला वेग देतात. छुप्या कॅमेऱ्याला त्या वेळच्या सनसनाटीपणापलीकडे नेऊन त्यामागे जागतिक व्यापार उभा आहे, विकणारा, विकत घेणारा आणि दलाल अशी त्याची साखळी आहे, हे हिंदी पडद्यावर एवढ्या स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय 'कलयुग'ला द्यावेच लागते. नवविवाहित दांपत्य निवडण्यामागेही हेतू आहे. विवाहसंस्थेने मान्य केलेला, कुणालाही आक्षेप घेता न येणारा शृंगारच बाजारात आणला गेल्यामुळे 'मुलीनेच असे करायला नको होते' हा नेहमीचा शेरा प्रेक्षकाच्या तोंडी येऊ शकत नाही.

परंतु याच निवडीत चित्रपटाची मर्यादाही आहे. रेणुका निष्कलंक असल्यामुळे तिच्याविषयी सहानुभूती वाटते. ती विवाहित नसती, तर ती सहानुभूती किती उरली असती, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. शिवाय सूडपटाच्या चौकटीत पीडितेचा मृत्यू हे नायकाच्या प्रवासाचे इंधन ठरते. जिच्यावर अन्याय झाला तिला बोलण्यास, चिडण्यास, खटला भरण्यास किंवा नुसते जगत राहण्यास अवकाशच उरत नाही. तिचे दुःख नवऱ्याच्या अपमानात रूपांतरित होऊन मगच कथेत फिरते. ललिता गोपालन यांनी 'सिनेमा ऑफ इंटरप्शन्स' या २००२ च्या ग्रंथात १९८० च्या दशकातील सूड घेणाऱ्या स्त्रियांच्या चित्रपटांचा विचार केला आहे. ते चित्रपट अत्याचाराच्या दृश्यांमुळे कितीही वादग्रस्त असले तरी शस्त्र निदान स्त्रीच्या हाती होते. छुप्या कॅमेऱ्याच्या थरारपटात ते बहुतांशी पुन्हा पुरुषाच्या हाती गेले, हे या परंपरेच्या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे.

नजरेचे सिद्धान्त

पाश्चात्त्य चित्रपटविचारात या प्रश्नाची चर्चा आधीपासून आहे. हिचकॉक यांच्या 'रिअर विंडो'मध्ये (१९५४) पाय मोडल्यामुळे घरात अडकलेला छायाचित्रकार शेजाऱ्यांच्या खिडक्यांत डोकावतो, आणि मायकेल पॉवेल यांच्या 'पीपिंग टॉम'मध्ये (१९६०) खुनी स्वतःच्या बळींच्या चेहऱ्यावरची भीती चित्रित करतो. दुसऱ्या चित्रपटावर तत्कालीन ब्रिटिश समीक्षकांनी इतका कडाडून हल्ला केला, की पॉवेल यांच्या कारकिर्दीलाच जबर धक्का बसला. १९७५ मध्ये 'स्क्रीन' या नियतकालिकात लॉरा मल्व्ही यांनी असे प्रतिपादन केले, की रूढ कथापटात पाहणारा पुरुष आणि पाहिली जाणारी स्त्री ही विभागणी कॅमेऱ्याच्या रचनेतच मुरलेली असते आणि अंधाऱ्या प्रेक्षागृहात बसलेला प्रेक्षक या अर्थाने चोरून पाहणाराच असतो. 'पुरुषी नजर' ही आज सर्वत्र वापरली जाणारी संकल्पना तिथून आली.

हा सिद्धान्त हिंदी चित्रपटाला जसाच्या तसा लागू पडतो काय, यावर मतभेद आहेत. भारतीय पाहण्याच्या रीतीचा एक आदर्श 'दर्शन' हा आहे, ज्यात भक्त देवाकडे पाहतो तसा देवही भक्ताकडे पाहतो. पंढरीला मुखदर्शनाच्या रांगेत तिष्ठणाऱ्या वारकऱ्याला केवळ विठ्ठल पाहायचा नसतो, विठ्ठलाच्या नजरेस पडायचेही असते. चोरटी नजर याच्या नेमकी उलट आहे, कारण पाहिल्या जाणाऱ्याला आपण पाहिले जात आहोत याची जाणीव नसणे हीच तिची अट आहे. एम. माधव प्रसाद यांनी 'आयडिऑलॉजी ऑफ द हिंदी फिल्म' या १९९८ च्या ग्रंथात हिंदी चित्रपटातील चुंबनावरच्या अलिखित बंदीचा अर्थ 'खासगी जीवनाच्या चित्रणावरील बंदी' असा लावला. त्यांच्या मते ही बंदी केवळ सोवळेपणातून आलेली नाही, तर पडद्यावरचे जग समोरासमोर मांडलेले, सर्वांनी मिळून पाहायचे असते आणि त्यात दोघांचे असे बंद दार मान्यच नसते, या व्यवस्थेचा ती भाग आहे. प्रसाद यांचा विचार पुढे नेला तर छुप्या कॅमेऱ्याच्या चित्रपटांचा एक अनपेक्षित अर्थ हाती लागतो: ज्या पडद्याने दशकानुदशके शयनगृहाचे दार बंद ठेवले आणि चुंबनाऐवजी दोन फुले एकमेकांवर टेकवली, त्या पडद्याला ते दार उघडण्याचे निमित्त गुन्ह्याच्या रूपाने मिळाले. नायक-नायिकेचा खासगी शृंगार पडद्यावर येऊ लागला तेव्हाच त्यामागे दुसऱ्या कुणाचा तरी कॅमेरा दडलेला असणे, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

वादातील मुख्य भूमिका

पहिली भूमिका या चित्रपटांकडे संशयाने पाहते. तिच्या समर्थकांच्या मते निषेधाचा संवाद दोन मिनिटांचा आणि चोरट्या चित्रणाचे दृश्य जाहिरातीत, भित्तिपत्रकावर आणि प्रेक्षकाच्या स्मरणात सर्वांत पुढे असेल, तर चित्रपटाचा घोषित हेतू विचारात घेण्याचे कारण नाही. या आक्षेपाची पूर्वपीठिका बी. आर. चोप्रा यांच्याच 'इन्साफ का तराजू'पर्यंत (१९८०) जाते. बलात्काराविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या चित्रपटातील अत्याचाराची लांबलचक दृश्ये स्वतःच उपभोग्य झाली आहेत, अशी टीका स्त्रीवादी लेखनातून सातत्याने झाली. २०११ च्या 'रागिनी एमएमएस'सारख्या चित्रपटाने चोरट्या चित्रफितीचे लोकप्रचलित नावच शीर्षकात घेतले, तेव्हा या आक्षेपाला अधिकच बळ मिळाले, कारण त्या शीर्षकाचे आकर्षण ज्या कुतूहलावर उभे होते ते कुतूहल म्हणजेच मूळ गुन्ह्याचा ग्राहक होय.

दुसरी भूमिका चित्रणाच्या स्वातंत्र्याची आहे आणि तिला न्यायालयीन आधार आहे. शेखर कपूर यांच्या 'बँडिट क्वीन'वरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये असे म्हटले, की त्यातील विवस्त्र धिंडीचे दृश्य प्रेक्षकाची वासना चाळवण्यासाठी नसून त्याच्या मनात शिसारी आणि करुणा उत्पन्न करण्यासाठी आहे, आणि दृश्य संपूर्ण चित्रपटाच्या संदर्भातच पाहिले पाहिजे. गुन्हा दाखवलाच नाही तर त्याची भीषणता कळणार कशी, हा या बाजूचा प्रश्न रास्त आहे. सेन्सॉरची कात्री बहुधा शरीरावर चालते, त्या शरीरावर सत्ता गाजवणाऱ्या व्यवस्थेवर चालत नाही, हाही तिचा मुद्दा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. 'लव्ह सेक्स और धोखा'च्या बाबतीत शृंगारदृश्य धूसर करावे लागले आणि पहिल्या कथेतील जातीचा उल्लेखही काढावा लागला. प्रेमिकांच्या हत्येमागचे खरे कारण आणि शरीर ही दोन्ही सारखीच आक्षेपार्ह मानली गेली, ही घटना या भूमिकेचा युक्तिवाद कुठल्याही सिद्धान्तापेक्षा चांगला मांडते.

तिसरी भूमिका हेतूपेक्षा रूपाला, म्हणजे दृश्य कसे रचले आहे याला महत्त्व देते आणि तिचा प्रमुख आधार हाच चित्रपट आहे. त्यातील तिन्ही कथा फक्त कथेत प्रत्यक्ष हजर असलेल्या कॅमेऱ्यांतूनच दिसतात: पहिलीत चित्रपट बनवणाऱ्या विद्यार्थ्याचा कॅमेरा, दुसरीत एका मोठ्या दुकानातील पहाऱ्याचे कॅमेरे, तिसरीत छुप्या पत्रकारितेचा कॅमेरा. दुसऱ्या कथेत कर्जात बुडालेला तरुण (राजकुमार राव) दुकानातल्या सहकारी मुलीशी जवळीक साधून ते क्षण विकण्याचा बेत करतो. प्रेक्षकाला या मुलीच्या चेहऱ्याजवळ जाण्याची मुभा मिळत नाही. छताच्या कोपऱ्यातून दिसते तेवढेच दिसते, आणि म्हणूनच आपण जे पाहत आहोत ते पाहण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला, ही जाणीव सुटत नाही. 'कलयुग'मध्ये छुपा कॅमेरा खलनायकाचा असतो आणि चित्रपटाचा स्वतःचा कॅमेरा निरागस राहतो. दिबाकर बॅनर्जी यांनी ही सोय काढून घेतली. या परंपरेतला कलात्मकदृष्ट्या सर्वांत प्रामाणिक प्रयत्न म्हणून या चित्रपटाचे नाव घ्यावे लागेल. तथापि कॅमेऱ्याची जाणीव करून दिल्याने सुख कमी होते असे गृहीत धरणे धाडसाचे आहे, हा त्यावरचा प्रत्याक्षेपही नोंदवला पाहिजे. कारण खऱ्या चोरट्या चित्रफितींचे आकर्षण त्यांच्या अशाच कच्च्या, हलत्या, अस्पष्ट रूपात असते.

चौथी भूमिका स्त्रीवादी विचाराच्या आतून आली असून ती पहिलीला छेद देते. शोहिनी घोष यांच्यासारख्या अभ्यासकांनी अश्लीलतेच्या नावाखाली होणाऱ्या सेन्सॉरशिपला विरोध केला, नमिता मल्होत्रा यांनी कायदा, व्हिडिओ आणि अश्लील चित्रण यांचे परस्परसंबंध तपासले, तर मुंबईतील 'पॉइंट ऑफ व्ह्यू' या संस्थेने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील अश्लीलतेच्या कलमाचा वापर अभ्यासून संमतीचा मुद्दा पुढे आणला. या मतानुसार चोरट्या चित्रफितीत वाईट काही असेल तर ते त्यातले शरीर वा शृंगार नव्हे, तर संमतीचा भंग आहे. आणि जोवर समाज व चित्रपट दोघेही या चित्रफितीला 'घाणेरडी' म्हणत राहतात, तोवर त्या घाणीचा डाग पीडितेलाच लागतो. अनुराग कश्यप यांच्या 'देव.डी'मधील (२००९) चंदा या व्यक्तिरेखेच्या पूर्वकथेत हा विचार कथारूपाने आला आहे. तिची चित्रफीत ज्यांनी मिटक्या मारत पाहिली त्यांनीच तिला नावे ठेवली, आणि चित्रपटाचा रोख त्या पाहणाऱ्यांवर आहे.

कायद्याची वाटचाल

कायद्यानेही अश्लीलतेकडून संमतीकडे असाच, पण अडखळत प्रवास केला. २००४ ची घटना घडली तेव्हा दंडसंहितेत अश्लील वस्तूंच्या विक्रीचे कलम होते आणि माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये अश्लील मजकुराचे ६७ वे कलम होते. कुणाचे चित्रण त्याच्या नकळत करणे हा स्वतंत्र गुन्हा नव्हता. 'कलयुग'मधील दांपत्याची असहायता या दृष्टीने कायद्याच्या तत्कालीन पोकळीचेही चित्रण आहे. २००८ च्या दुरुस्तीने, जी ऑक्टोबर २००९ मध्ये अमलात आली, ६६-ई हे कलम आणले आणि संमतीवाचून कोणाही व्यक्तीच्या शरीराच्या खासगी भागाचे चित्रण वा प्रसारण करण्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीच्या अहवालापाठोपाठ २०१३ मध्ये दंडसंहितेत ३५४-सी हे कलम दाखल झाले. त्यानुसार, जिथे आपल्याला कुणी पाहत नसेल अशी अपेक्षा स्त्रीला सामान्यतः असते तिथे तिला खासगी कृतीत पाहणे वा टिपणे हा गुन्हा ठरला. पहिल्या वेळी एक ते तीन आणि पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षे कैद अशी तरतूद झाली. त्या कलमाचे एक स्पष्टीकरण विशेष महत्त्वाचे आहे: स्त्रीने चित्रणाला संमती दिली असली पण ते इतरांना दाखवण्यास दिली नसली, तर त्याचा प्रसार हाही गुन्हाच होय. संमती ही एकदाच देऊन संपणारी वस्तू नाही, हे तत्त्व इतक्या नेमकेपणाने थोड्याच भारतीय कायद्यांत आले आहे. जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात असून आरोपी म्हणून आता 'पुरुष' या शब्दाऐवजी 'जो कोणी' अशा अर्थाची शब्दयोजना आहे, पीडित मात्र स्त्रीच धरली आहे.

अंमलबजावणीची उदाहरणेही पुढे येऊ लागली. पश्चिम बंगालमधील तमलुक येथील न्यायालयाने २०१८ मध्ये प्रेयसीचे खासगी चित्रण सूडापोटी पसरवणाऱ्या तरुणाला पाच वर्षांची शिक्षा दिली. ओडिशा उच्च न्यायालयाने २०२० मध्ये अशा प्रकरणात 'विस्मृतीच्या अधिकारा'ची, म्हणजे आपल्याविषयीचा मजकूर आंतरजालावरून कायमचा हटवला जाण्याच्या हक्काची, चर्चा केली. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०२१ च्या नियमांनी अशा चित्रणाविषयी संबंधित व्यक्तीची तक्रार आल्यापासून चोवीस तासांत ते हटवण्याचे उपाय योजण्याची जबाबदारी समाजमाध्यम कंपन्यांवर टाकली. हिंदी थरारपटात मात्र हे बदल जवळपास उमटलेलेच नाहीत. पडद्यावरचे पोलीस आजही बहुधा हसतात, दटावतात किंवा विकले जातात, आणि कलमाचा उल्लेख क्वचित ऐकू येतो.

'दृश्यम' आणि 'मसान': लाजेची दोन उत्तरे

कायदा आणि पडदा यांच्यातला हा विरोध 'दृश्यम'मध्ये सर्वाधिक स्पष्ट दिसतो. जीतू जोसेफ यांच्या २०१३ च्या मल्याळी चित्रपटाची ही हिंदी आवृत्ती केरळच्या डोंगराळ गावातून गोव्यात आणली गेली आणि साळगावकर, देशमुख, गायतोंडे या आडनावांनी मराठी व कोकणी प्रेक्षकाला ती घरचीच वाटली. सहलीच्या शिबिरात अंघोळ करणाऱ्या मुलीचे मोबाइलवर चित्रण करून तिला धमकावणारा तरुण तिच्या हातून मारला जातो. तो पोलीस महानिरीक्षक असलेल्या मीरा देशमुखचा मुलगा निघतो. आणि केबलचा धंदा करणारा, चित्रपट पाहूनच शहाणा झालेला बाप कुटुंबाला वाचवण्यासाठी खोट्या दिवसांचे अख्खे दृश्य रचतो. योगायोग असा, की त्याच वर्षी एप्रिलमध्ये गोव्यातील कांदोळी येथे एका कपड्यांच्या दुकानात कपडे बदलण्याच्या खोलीकडे रोखलेला कॅमेरा एका केंद्रीय मंत्र्यांच्या लक्षात येऊन पोलीस तक्रार झाली होती आणि जुलैअखेर चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा तो विषय ताजा होता.

'दृश्यम'ची पटकथा बांधणीत जवळपास निर्दोष आहे, आणि पाहण्याच्या गुन्ह्यावर दाखवण्याच्या कौशल्याने केलेली मात ही तिची कल्पना मोठी आहे. पण सारी कथा एका गृहीतकावर उभी आहे: ती चित्रफीत बाहेर आली तर मुलीचे आयुष्य संपले. २०१५ मध्ये ३५४-सी कलम दोन वर्षांचे झाले होते. तरीही आई त्या मुलासमोर गयावया करते, आणि सभ्य कुटुंबाने याहून दुसरे काय करायचे असते, असे प्रेक्षकालाही वाटते. बचाव करणारे म्हणतात, की महानिरीक्षकाचा मुलगा समोर असताना कायद्यावर विश्वास ठेवण्याचा सल्ला देणे हे सामान्य माणसाच्या अनुभवाशी प्रतारणा करणारे झाले असते, आणि त्यात तथ्य आहे. आक्षेप घेणारे म्हणतात, की या कथेने लाजेला हातच लावला नाही, तिला फक्त जमिनीखाली पुरले. मल्याळीपाठोपाठ कन्नड, तेलुगू, तमिळ, हिंदी, सिंहली आणि चिनी अशा रूपांतरांत ही कथा सर्वत्र चालली, यावरून ती लाज कोणा एका प्रांताची नाही एवढे तरी दिसते.

त्याच वर्षी आलेल्या 'मसान'मध्ये वाराणसीच्या हॉटेलात प्रियकरासह सापडलेल्या देवीचे (रिचा चढ्ढा) चित्रण खुद्द पोलीस निरीक्षकच करतो, तरुण जीव देतो, आणि संस्कृतचे अध्यापन केलेल्या वृद्ध पित्याकडे तीन लाख रुपये मागितले जातात. इथे ब्लॅकमेल करणारा कायद्याचाच रखवालदार आहे. वेगळेपण मात्र देवीमध्ये आहे; तिला दुःख आहे, प्रियकराच्या मृत्यूचे ओझे आहे, पण आपण पाप केले असे तिला वाटत नाही, आणि नीरज घायवान व पटकथाकार वरुण ग्रोव्हर तिला तसे वाटायला लावत नाहीत. पैसे हप्त्याहप्त्याने चुकवले जातात, नोकऱ्या बदलतात, जगणे चालू राहते. सूड नाही, पाठलाग नाही, निगेटिव्ह जाळण्याचा क्षण नाही. बळीला मरू न देता तिच्याबरोबर पुढे चालत राहणे हे या विषयाला 'मसान'ने दिलेले उत्तर या आढाव्यातील इतर सर्व उत्तरांपेक्षा अधिक टिकाऊ वाटते. मात्र धमकीचा बंदोबस्त त्यातही पैसे भरूनच होतो, हे नजरेआड करता येत नाही.

अनिर्णित राहिलेले

काही प्रश्न या चर्चेत अजून पुरते मांडलेही गेलेले नाहीत. त्यांतला पहिला पडद्यावरच्या अभिनेत्रीच्या संमतीचा. शशिलाल नायर यांच्या 'एक छोटीसी लव्ह स्टोरी'मध्ये (२००२), जो किशलोव्स्की यांच्या 'अ शॉर्ट फिल्म अबाउट लव्ह'वर बेतलेला होता, समोरच्या घरातील स्त्रीला दुर्बिणीतून न्याहाळणाऱ्या किशोराची कथा आहे. त्यात आपल्याऐवजी दुसऱ्या स्त्रीला घेऊन चित्रित केलेली दृश्ये आपलीच म्हणून दाखवली गेल्याची हरकत घेत मनीषा कोइराला यांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि शिवसैनिकांनी चित्रपटगृहांतील खेळ बंद पाडले. चोरट्या नजरेवरचा चित्रपट स्वतःच संमतीच्या वादात सापडला. पण त्या वेळची सार्वजनिक चर्चा संमतीऐवजी सभ्यतेच्या आणि रस्त्यावरच्या दडपणाच्या प्रश्नांत हरवून गेली. जवळीकीच्या दृश्यांत कलावंतांच्या मर्यादा आधी ठरवून घेणारे स्वतंत्र समन्वयक हिंदी चित्रपटसृष्टीत अलीकडेच दिसू लागले आहेत आणि २०२२ च्या 'गहराइयाँ'च्या श्रेयनामावलीत अशा कामाचा ठळक उल्लेख होता; ही रीत लहान निर्मात्यांपर्यंत कितपत पोहोचेल, हे अजून दिसायचे आहे.

दुसरा प्रश्न पुरुष बळींचा आहे. व्हिडिओ कॉलवर फसवून चित्रण करायचे आणि नंतर पैशांसाठी छळायचे, हा प्रकार देशभर पसरला असून त्याचे बळी बहुधा पुरुष असतात, परंतु न्याय संहितेच्या ७७ व्या कलमात त्यांना जागा नाही आणि गंभीर चित्रपटाच्या कथेतही ती अपवादानेच मिळते. तिसरा प्रश्न कृत्रिम प्रतिमांचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदाना यांचा चेहरा दुसऱ्याच स्त्रीच्या शरीरावर बसवलेली चित्रफीत पसरली, तेव्हा कॅमेरा, हॉटेलची खोली, दुर्बीण, आरशामागचे भोक यांपैकी काहीच न लागता असे चित्रण निर्माण होऊ शकते हे सर्वांना कळले. ज्या थरारपटाची कथा कॅमेरा कुणी लावला या शोधावर चालते, त्याच्यापुढे हा मोठाच पेच आहे. जे घडलेच नाही त्याचे चित्रण पाहिले गेले, यातील इजेला कथारूप देण्याची रीत हिंदी चित्रपटाला अद्याप सापडलेली नाही.

आणि शेवटचा प्रश्न तुटलेल्या दृश्यांचा. न्यायालयाने 'बँडिट क्वीन'च्या वेळी दृश्य संपूर्ण चित्रपटाच्या संदर्भात पाहावे असे सांगितले, आणि सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्रही संपूर्ण चित्रपटालाच मिळते. पण अनुराग कश्यप यांच्या एका लघुपटातील दृश्य २०१५ मध्ये चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच मोबाइलवरून पसरले आणि दिग्दर्शकाला मुंबई पोलिसांकडे तक्रार करावी लागली, तेव्हा त्या दृश्याभोवती ना कथा होती, ना हेतू, ना प्रमाणपत्र. 'कलयुग'पासून पुढच्या प्रत्येक चित्रपटातली अशी दृश्ये आज आंतरजालावर सुटी करून, भडक शीर्षके देऊन पाहिली जातात. ती पाहणाऱ्याला त्यापुढे आलेला निषेध कधी भेटत नाही, आणि त्या दृश्यात काम केलेल्या अभिनेत्रीने दिलेली संमती या तुकड्यासाठी होती की नव्हती, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.